खाऊफोडी

त्या वर्षी आमच्या बैठकीत कापूस राहत होता आणि आम्ही उरलेल्या घरात. भाव येईल, भाव येईल म्हणत सगळ्या गावानं कापूस घरातच भरून ठेवला होता, आणि भाव काही येत नव्हता. आमची गंजी आढ्याला टेकली होती. पाहुणे आले तर अंगणात बाजेवर बसायचे, आणि भिंतीवरच्या आरशात तोंड पाहायचं तर कापसावर चढावं लागायचं, म्हणून मी तो हिवाळा तोंड न पाहताच काढला. मोठ्या माणसांना त्या गंजीकडे पाहवत नव्हतं. पोरांची मात्र चंगळ होती. खिडकीच्या चौकटीवरून उडी मारायची, कंबरेपर्यंत रुतायचं आणि ओरडत बाहेर यायचं. माझी मुलगी तेव्हा तीन-चार वर्षांची होती. ती दिवसभर कापसात लोळायची आणि संध्याकाळी मी तिच्या केसांतून सरकी वेचत बसायची. मारेगावपासून जवळच असलेल्या त्या गावात माझं लग्नानंतरचं सगळं आयुष्य गेलं. अजूनही घर म्हटलं की मला आधी तो कापसाचा कोमट, धुळकट वास आठवतो.

त्याच हिवाळ्यात तिच्या अंगावर गांध्या उठायला लागल्या. आधी पोटावर, मग मानेवर, मग ओठ जाड व्हायचे. कापूस घरात फार दिवस पडून राहिला की अंगाला खाज सुटते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्या वर्षी तर अख्खं गाव खाजवत होतं. त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "कापसाचीच खाज हाये, दुसरं काई नाई," आणि त्यांनी तिला गेरू फासून घोंगडीत गुंडाळलं. मी आईची रीत पाळली. पोर वाळत चालली म्हणून रोज सकाळी तिला फल्लीदाण्याचा लाडू देऊ लागले. शेंगदाण्यांना आमच्या वऱ्हाडात फल्लीदाणे म्हणतात, आणि त्यांच्यावाचून आमचं पान हलत नाही. चटणीत दाणे, वांग्यात कूट, पोह्यांत दाणे, उपासाला पुन्हा दाणेच. ती लेक मात्र पोह्यांतला एकेक दाणा निवडून ताटाच्या कडेला ठेवायची, आणि लाडू पाहिला की दातखीळ बसवायची. आम्ही म्हणायचो, नखरे आहेत. सासूबाई तिचे हात धरायच्या आणि मी लाडू भरवायची.

एका सकाळी तिचे डोळे सुजून मिटलेले पाहिले आणि मुलीच्या बाबांचं डोकं फिरलं. त्यांनी गडी बोलावला नाही, कुणाला विचारलं नाही. बैल गोठ्यातून काढून अंगणात बांधले आणि बैठकीतला सगळा कापूस एकट्यानं गोठ्यात नेऊन टाकला. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण थांबून विचारायचा, "काहून गा, बैलायले बाहेर काढून कापसाले पाहुणचार करून राह्यला काय?" ते पुढचं गाठोडं उचलायचे. आठवडाभरात गांध्या बसल्या. सासूबाईंनी नारळ फोडला. लाडवांचा डबा त्याच आठवड्यात संपला होता आणि ऊन वाढल्यामुळे मी नवे केले नव्हते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. कापसानं त्या वर्षांत आम्हाला कमी छळलं नव्हतं, पण हा एक आळ तरी त्याच्यावर खोटा होता.

पुढं पावसाळा सरला आणि भुलाबाई बसली.

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाद्रपदाच्या पुनवेला मातीची भुलाबाई आणि भुलोजी घरात बसवतात, ते थेट कोजागिरीपर्यंत. महिनाभर संध्याकाळी आळीतल्या मुली टिपऱ्या घेऊन घरोघर जातात आणि गाणी म्हणतात. गाणी झाली की त्या घरची बाई झाकणाचा डबा आणते. आत खाऊ असतो, पण काय आहे ते सांगत नाही. मुली डबा हलवतात, कानाशी लावतात, विचारतात, तिखट की गोड, तळलेलं की भाजलेलं. ओळखता आलं नाही तर त्या घरच्या बाईची मान वर होते, आणि मुली हरल्या तरी खाऊ मिळतोच. लहानपणी मुकुटबनला, माझ्या माहेरी, मी डब्याच्या नुसत्या आवाजावरून शेव आणि शंकरपाळे वेगळे सांगायची. त्यामुळे लेकीची पहिली भुलाबाई म्हणजे मला माझीच वाटत होती. तिला परकर शिवला, टिपऱ्यांना लाल रंग दिला.

समोरच्या काकूंकडे एका संध्याकाळी गूळ-दाण्याच्या वड्या होत्या. कुणालाच ओळखता आल्या नाहीत. लेकीनं सगळ्यांच्या बरोबरीनं एक तोंडात टाकली, कारण मैत्रिणींसमोर नखरे कसे करायचे? मी ओट्यावर बसून हसत होते. थोड्या वेळानं ती माझ्याजवळ आली आणि गळ्याला हात लावून म्हणाली, "आई, इथं काईतरी अडकलं." मग तिला बोलता येईना. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला. काकूंच्या दिरांची जीप दारात उभी होती म्हणून माझी मुलगी आज आहे. मारेगावच्या डॉक्टरांनी आधी इंजेक्शन दिलं आणि मग विचारलं, काय खाल्लं होतं? मी एकेक सांगत गेले, गांध्या, कापूस, लाडू सगळंच. डॉक्टर म्हणाले, "फल्लीदाणा हिला विष आहे. एक कणसुद्धा नको. पुढच्या वेळी तुम्ही वेळेत पोचाल याची मी खात्री देत नाही."

परतताना ती माझ्या मांडीवर झोपली होती. शेतांत बोंडं अजून फुटायची होती, घरात बोटभरही कापूस नव्हता. मग तिचे बाबा म्हणाले, "म्हंजे कापसाचं काई नव्हतं." एवढंच. पण तो माणूस पुढं किती तरी दिवस त्या रिकाम्या बैठकीत उगाच जाऊन उभा राहायचा.

त्या दिवसापासून घरातून फल्ली गेली. खलबत्ता मी राखेनं इतका घासला की सासूबाई म्हणाल्या, आता त्याला भोक पडेल. कुटाशिवाय वांगं कसं करायचं ते मी नव्यानं शिकले, आणि सासूबाई ते कसं खायचं ते शिकल्या, तोंड वाकडं करत का होईना. तिच्या बाबांचा एकच शौक होता, बसस्टँडवर भाजलेल्या फल्ल्यांचा पुडा घ्यायचा आणि गप्पा मारत फोडायचा. तो त्यांनी सोडला. मी सोडा म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, "हाताले वास राह्यते, मंग पोरीले जवळ घेता येत नाई." आमच्या संसारात त्यांनी मला जे काही द्यायचं राहिलं असेल, ते सगळं त्या एका वाक्यात फिटलं.

पण घर म्हणजे काही गाव नव्हे. लग्नाच्या पंगतीत मी तिच्या पानापुढं स्वतःचा डबा ठेवला की वाढपी रागावायचे आणि वरमाई तर त्याहून. "आमच्या घरचं अन्न चालत नाई काय?" आता हिला चालतं, त्याला चालत नाही, हे ज्या गावात माणसांच्या जातीवरून ऐकलेलं, तिथं एका दाण्यावरून कोण समजून घेणार? काही जणी समजावायच्या, थोडं थोडं दिलं तर सवय होईल. एका मावशीनं माझ्या नकळत अर्धा दाणा द्यायचा बेत केला होता, तो मला आधी कळला आणि त्या दिवसापासून ती मावशी आणि मी बोलत नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. मी तर पाणीसुद्धा फुंकून पीत होते. झोपेतही माझा हात तिच्या पाठीवर असायचा, श्वास मोजायला नव्हे, नुसता आहे ना ते पाहायला. आणि दिवसा मी तिच्या बाबांशी भांडायची. ते म्हणायचे, "तू पोरीले काचेची करून राह्यली." मी म्हणायची, "तुमाले काय, तुमी वावरात जाता." दोघंही घाबरलेलो होतो. ते कबूल करण्यापेक्षा भांडण सोपं होतं.

आणि दर वर्षी भुलाबाई यायचीच. लेकीला पाठवणार नाही, असं एकदा म्हणून पाहिलं. ती दारात बसून टिपऱ्या एकमेकींवर आपटत राहिली, गाणं न म्हणता, नुसती टक, टक. मला ते ऐकवलं नाही. मग मी युक्ती काढली. दुपारी भांडी झाली की आळीतल्या घरोघर माझी फेरी निघायची. "आज काय खाऊ?" बायका आधी हसल्या, मग वैतागल्या. खाऊ सांगायचा नसतो, हीच तर सगळी गंमत. मी शपथा घ्यायची, भुलाबाईची, भुलोजीची, माझ्या माहेरची. मग कुणी दार लोटून घेऊन कानात सांगायची, "गुळपापडी." जिच्याकडे दाणे असतील तिला मी हात जोडायची. ती बिचारी ऐनवेळी रव्याचं काहीतरी करायची आणि मनात मला शिव्या द्यायची.

शपथा मी पाळल्या. तोंडानं एक अक्षर बोलले नाही. पण माझ्या तोंडावर आजची भाजीसुद्धा दिसते, असं तिचे बाबा म्हणतात ते खोटं नाही. संध्याकाळी मी मुलींच्या मागं मागं जायची, दारात उभी राहायची. थोड्याच दिवसांत पोट्ट्यांच्या लक्षात आलं की डबा हलवण्यापेक्षा माझ्याकडे पाहणं सोपं आहे. त्या म्हणायच्या, चकली? माझी भुवई हलायची. शंकरपाळे? मी घाईनं दुसरीकडे पाहायची. झालं, ओळखलं. आळीतल्या बायांचा एकही खाऊ गुपित राहीना. त्यांनी माझं नाव ठेवलं, खाऊफोडी. मी चिडायची, आणि त्यात काय खोटं आहे म्हणून गप्पही बसायची. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

लेक चौथी-पाचवीत गेली आणि त्या वर्षी भुलाबाईच्या पहिल्याच आठवड्यात तिनं मला उंबऱ्यावर अडवलं.

"आई, तू येऊ नको."

"काहून?"

"तू आली की साऱ्या तुह्या तोंडाकडं पाह्यतात. डब्याकडं पाह्यतच नाईत. मी माह्या तोंडानं विचारीन."

"अन् नाई विचारलं तर?"

"विचारीन म्हणलं ना."

ती उंबऱ्यावरून हटली नाही. हा हट्ट कुठून आला ते मला विचारायची गरज नव्हती. मी तिच्या बाबांकडे पाहिलं. ते पंच्यानं तोंड पुसत म्हणाले, "जाऊ दे. कधी ना कधी तिले एकटीलेच खायचं हाये," आणि वावरातल्या विहिरीवरची मोटार पाहून येतो म्हणून निघून गेले. मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांच्या पाठीमागं बराच वेळ बोलत राहिले.

मुली गेल्या. मी चूल पेटवली, विझवली. पोळीचा गोळा हातात घेतला तो हातातच राहिला. ती विचारेल, मला ठाऊक होतं. पण मैत्रिणी हसल्या आणि तिची जीभ अडखळली तर? शरम माणसाला काय काय गिळायला लावते, ते मी त्या गूळ-दाण्याच्या वडीच्या दिवशी पाहिलं होतं. मी हात धुतले आणि मागच्या बोळीनं समोरच्या काकूंच्या गोठ्याकडे गेले. त्या संध्याकाळी खाऊ त्यांच्याकडे होता आणि दुपारी त्यांनी पहिल्यांदाच मला तो सांगितला नव्हता. "आज नाई सांगत जा," म्हणाल्या होत्या.

गोठ्याच्या कुडाआड कुणीतरी आधीच उभं होतं. मी दचकले. मुलीचे बाबा होते.

"मोटार इकडं हाये काय?" मी कुजबुजले.

"तू इकडं कायले आली?"

"तुमी कायले आले?"

त्यांनी ओठावर बोट ठेवलं. गाणी संपत आली होती. त्या कुडाला डोळा लावून आम्ही दोघं उभे राहिलो. इतकी वर्षं भांडत असलेली दोन माणसं एकाच भोकातून पाहायला लागली होती. मुलींनी डबा हलवला, पण आतून काही आवाज आला नाही. चिवडा नाही, चकली नाही, लाडू नाही. सगळ्या हरल्या. काकूंनी झाकणाला हात घातला, तेवढ्यात माझ्या लेकीचा आवाज आला. बारीक, पण सरळ.

"काकू, यात फल्ली हाये काय?"

तिच्या बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"नाई वं बाई," काकू म्हणाल्या. "आता कोणाच्याच डब्यात नसन. तुह्या मायनं आमचे सारे खाऊ फोडले, म्हून आमी बायायनं ठरोलं, महिनाभर आळीत फल्ली बंद. आता तिनं घरोघर फिराचं नाई अन् आमी सांगाचं नाई. खा बिनधास्त."

डब्यात सीताफळं होती. पिकलेली, गवतात नीट बसवलेली, म्हणून वाजली नव्हती. मुली किंचाळल्या, हा काय खाऊ झाला काय म्हणून. माझी लेक त्यांच्यात सगळ्यात मोठ्यानं भांडत होती. तिच्या बाबांनी माझं मनगट सोडलं, खाली बैलबंडीच्या जुवावर बसले आणि पंचा तोंडावर घेतला. त्यांचे खांदे हलत होते. पहिल्यांदा मला वाटलं हसतायत. कापूस घरात सडत असताना, भाव पडले तेव्हा, त्यांचे वडील गेले तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले. मला वाटायचं ही भीती मी एकटीच वाहते. ती तेही तितकीच वाहत होते, फक्त वावरात नेऊन ठेवत होते.

तेवढ्यात काकूंचा आवाज आला, "अन् गोठ्यामागं जे कोणी उभे हायेत त्यायले बी बलवा वं. सीताफळं लय हायेत."

लेकीनं आम्हाला पाहिलं. तिची नजर मी जन्मात विसरणार नाही. घरी येताना ती पुढं पुढं चालत होती, टिपऱ्या काखेत, आणि आम्ही दोघं शाळेतून पकडून आणलेल्या पोरांसारखे मागं. दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही. मी पुन्हा कधी फेरीला निघाले नाही. पहिले काही दिवस दुपार झाली की पाय आपोआप उंबऱ्याकडे वळायचे, मग मी स्वतःला तांदूळ निवडायला बसवायची.

ती आता नागपुरात नोकरी करते, स्वतः रांधते, कुठंही गेली की ताट पुढं यायच्या आधी न लाजता विचारते. सासूबाई गेल्या, समोरच्या काकू गेल्या. कापूस अजून पिकतो आणि भावाचं रडं अजून आहे, पण बैठकीत आता सोफा आहे. भुलाबाईला पूर्वीइतक्या मुली येत नाहीत. ज्या येतात त्यांना मी आजी लागते.

गेल्या वर्षी माझा खाऊ होता. चार-पाच जणी आल्या, त्यांत काकूंची पणती, दात पडलेली, सगळ्यांत शहाणी. डबा हलवला, आवाज आला नाही. सगळ्या विचारात पडल्या. मला खोडी काढावीशी वाटली. म्हटलं, "फल्लीदाण्याचा लाडू असन."

त्या पोरीनं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "आजी, तुमाले येवढं बी मालूम नाई? भुलाबाईले फल्ली चालत नाई. तिचा घसा बंद होते."

"कोणं सांगतलं तुले?"

"कोणं म्हंजे? पयल्यापासूनच हाये तसं."

बाकीच्यांनी माना हलवल्या. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असा त्यांचा चेहरा होता. मी मातीच्या भुलाबाईकडे पाहिलं. तिच्या कपाळाचं कुंकू थोडं ओघळलं होतं. मी डबा उघडला, सीताफळं वाटली, आणि पदराला हात पुसत आत गेले. दाराआड मुलीचे बाबा उभे होते.

"आयकलं काय?" मी विचारलं.

"आयकलं," ते म्हणाले. "पोरीले फोन लाव."

मी लावला. ती हॅलो, हॅलो म्हणत राहिली, आणि आम्हा दोघांपैकी कुणालाच बोलता येईना.